भिंतींचा रंग आणि घरातील हवा

घराच्या भिंतींना रंग देण्याचा प्रश्न आपल्याकडे आजवर मुख्यत्वे सणवाराचा, शोभेचा आणि खर्चाच्या तजविजीचा मानला गेला; पावसाळा ओसरून भिंती सुकल्या, नवरात्र जवळ आले, की रंगाऱ्यास बोलावणे धाडावयाचे, त्याने सांगितलेला अंदाज जरा खाली ओढावयाचा, आणि दिवाळीपूर्वी काम हातावेगळे व्हावे म्हणून त्याच्यामागे तगादा लावावयाचा, एवढ्यात तो निकाली निघत असे. अलीकडे मात्र या व्यवहारात एका नव्या विवंचनेची भर पडली आहे. घरात दमेकरी वडील, गरोदर सून किंवा रांगते मूल असलेला गृहस्थ दुकानात गेला, की 'कमी व्हीओसी', 'शून्य व्हीओसी', 'गंधरहित', 'नैसर्गिक' अशी विशेषणे मिरविणारे डबे त्याच्यापुढे मांडले जातात, आणि चार पैसे अधिक मोजून आपण घरच्यांचे आरोग्य विकत घेतले अशा समाधानाने तो परत येतो. या विशेषणांची छाननी केली असता ती बहुधा खोटी नसतात असे आढळते. परंतु ज्या भीतीपोटी गृहस्थ ती वाचतो त्या भीतीचे निवारण त्यांच्याने अर्धेमुर्धेच होते, आणि उरलेले अर्धे काम डब्याबाहेरचे, म्हणजे दारांचे, खिडक्यांचे, जुन्या थरांचे आणि रंगाऱ्याच्या हातांचे असते, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

रंग म्हणून आपण जे घेतो त्यात मूलतः चार प्रकारचे जिन्नस असतात: डोळ्यांना दिसणारे रंगद्रव्य, ते भिंतीस धरून ठेवणारे बंधक, दोहोंना कुंचल्याने पसरण्याजोगे पातळ करणारे द्रावक, आणि फेस, बुरशी, नासणे इत्यादींच्या बंदोबस्तासाठी घातलेली किरकोळ पूरके. चुन्याच्या सफेदीत चुना हाच रंगद्रव्य आणि हाच बंधक, द्रावक म्हणून विहिरीचे पाणी. तेलरंगात अळशीचे तेल बंधक आणि टर्पेंटाईन द्रावक. 1953 साली अमेरिकेत घरगुती रंगासाठी खास घडविलेले पहिले ॲक्रिलिक इमल्शन बाजारात आले, आणि प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून त्यांच्याकडून तेलाचे काम करवून घेण्याची युक्ती सर्वत्र रूढ झाली. आपण ज्यास प्लॅस्टिक पेंट म्हणतो तो हाच. मुंबईत गिरगावात 1942 साली सुरू झालेल्या एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये रेखाटलेला गट्टू हातात डबा आणि कुंचला घेऊन पुढे कित्येक दशके घरोघर ओळखीचा झाला. त्याच्या कुंचल्यातून ठिबकणाऱ्या रंगात काय काय आहे, हे त्याला त्या काळी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

विचारावयास हवे होते, कारण तेलरंगातील शिशाचा अपाय तोवर चांगला अर्धशतक जुना झाला होता. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्यांनी 1904 साली असे दाखवून दिले, की तेथील मुलांना होणाऱ्या शिसेबाधेचे मूळ घराच्या व्हरांड्यांच्या कठड्यांवर आहे. उन्हाने कठड्यांवरील पांढरा रंग भुकटीसारखा सुटतो, मुले कठड्यास धरून उभी राहतात आणि तीच बोटे तोंडात घालतात. हा शोध त्यांच्याच देशात पुष्कळांनी थट्टेवारी नेला, आणि मुलांच्या हातास लागेल अशा जागी शिशाचा रंग देण्यास क्वीन्सलँडमध्ये कायद्याने मनाई होण्यास 1922 साल उजाडावे लागले. त्याच सुमारास, 1921 मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या अंतर्भागी सफेता, म्हणजे शिशाचे पांढरे रंगद्रव्य, वापरू नये असा करार केला होता. अमेरिकेने घरगुती रंगांवर निर्बंध घातला तो 1978 साली. आपल्याकडे केंद्र सरकारने घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 हून अधिक असू नये असा नियम 2016 च्या नोव्हेंबरात अधिसूचित केला आणि त्याचा अंमल वर्षभराने सुरू झाला. या तारखेचे व्यावहारिक महत्त्व असे, की तिच्या आधी रंगविलेल्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आणि जिन्याच्या कठड्यांवर जे थर चढले आहेत त्यांत शिसे असण्याचा संभव गृहीत धरूनच पुढील काम हाती घ्यावे. पिवळा, नारिंगी आणि हिरवा हे भडक तेलरंग विशेष संशयास्पद, कारण शिशाचे क्रोमेट हा पिवळ्याचा स्वस्त मार्ग होता. लोखंडावर गंज धरू नये म्हणून शेंदराचा जो पहिला हात मारीत तो तर उघडउघड शिशाचाच. आणखी एक पळवाट येथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे. हा नियम घरगुती रंगांपुरता असून कारखानदारीच्या रंगांना लागू नाही. गेटास आणि ग्रिलला लावण्यासाठी लोहार जो डबा उचलून आणतो तो कोणत्या सदरातला आहे, हे त्यास विचारून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जुना तेलरंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला जात असताना खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत जी बारीक धूळ तरंगताना दिसते ती संध्याकाळपर्यंत सतरंजीवर, डाळीच्या डब्यांवर आणि रांगत्या मुलाच्या तळहातांवर बसते. नंतर कितीही निर्मळ रंगाचे दोन हात दिले तरी त्या धुळीची भरपाई होत नाही. तेच घासकाम पाण्याचा पेपर वापरून, पृष्ठभाग ओला ठेवून केले, गाळ ओल्या फडक्याने टिपून घेतला आणि फडके फेकून दिले, तर धोक्याचा मोठा भाग तेथेच संपतो. या कामास अर्धा दिवस अधिक लागतो आणि रंगारी कुरकुरतो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी ही माझ्या मते रंगकामातील सर्वांत सार्थकी लागणारी रक्कम होय.

आता धुराकडे, म्हणजे वस्तुतः बाष्पांकडे वळू. व्हीओसी, अर्थात बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, यांची मोजदाद प्रथम सुरू झाली ती घरातील माणसांसाठी नव्हे. लॉस एंजेलिसच्या आकाशात साचणाऱ्या धुरक्यासाठी. हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने 1950 च्या आसपास सिद्ध केले, की मोटारींचा धूर आणि अशी संयुगे सूर्यप्रकाशात एकत्र आली म्हणजे जमिनीलगत ओझोन निर्माण होतो. तेव्हा ओझोनास हातभार लावणाऱ्या संयुगांवर मर्यादा घालणे हा त्या प्रांतातील नियमांचा हेतू ठरला, आणि ॲसिटोनसारखी द्रव्ये ओझोन फारसा निर्माण करीत नाहीत म्हणून पुढे अमेरिकेत हिशेबातून वगळली गेली. अमोनिया सेंद्रिय नाही, म्हणून तो नाकास झोंबला तरी या आकड्यात धरला जात नाही. युरोपने निराळी व्याख्या केली: ज्याचा उत्कलनबिंदू 250 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली तेच व्हीओसी. या सीमारेषेचा परिणाम पाहण्यासारखा झाला आहे. ॲक्रिलिकचे कण सुकताना एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हावा म्हणून टेक्सानॉल नावाचे द्रव्य रंगात वर्षानुवर्षे घालीत आले आहेत. त्याचा उत्कलनबिंदू 254 अंशांच्या आसपास, म्हणजे रेषेच्या जेमतेम पलीकडे, असल्यामुळे ते युरोपच्या मोजणीत येत नाही, परंतु भिंतीतून सावकाश, दिवसेंदिवस सुटत राहण्यास त्यास कोणाची हरकत नसते. 'शून्य व्हीओसी' हे शब्द एका ठरावीक कोष्टकातील एका रकान्यापुरते खरे असतात, एवढे ध्यानी ठेवून पुढे जावे.

तरीही तो आकडा निरुपयोगी आहे असे मात्र नाही. युरोपीय संघाने 2010 पासून आतील भिंतींच्या निस्तेज, म्हणजे मॅट, रंगास दर लिटरमागे 30 ग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे आणि चकचकीत भिंतरंगास 100 ग्रॅमची. चकाकी वाढली की बाष्पांस मुभा वाढते, ही गोष्ट गिऱ्हाइकास सहसा कोणी सांगत नाही. रंगछटेचाही येथे संबंध पोचतो. दुकानातील यंत्र पांढऱ्या बैठकीत रंगाचे जे थेंब सोडते ते पुष्कळदा ग्लायकोलमध्ये कालविलेले असतात. त्यामुळे पांढऱ्या डब्यावरील प्रशस्तिपत्र गर्द जांभळ्या किंवा किरमिजी छटेस तंतोतंत लागू पडेलच असे नाही. हे ग्लायकोल मुळात रंगात असते ते एक तर कुंचल्याची ओली कड लवकर वाळू नये म्हणून, आणि दुसरे, थंड मुलखात गोदामात पाणी गोठून रंग फुटू नये म्हणून. सोलापूरच्या किंवा रत्नागिरीच्या दुकानदाराने त्या दुसऱ्या कारणासाठी आभार मानण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही.

एका सामान्य खोलीचा हिशेब मांडला म्हणजे प्रमाण लक्षात येईल. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीत दारे-खिडक्या धरून चाळीसएक चौरस मीटर भिंत निघते. दोन हातांस सुमारे सात लिटर इमल्शन लागते. युरोपची 30 ग्रॅमची मर्यादा काठोकाठ गाठणारा रंग घेतला तरी खोलीत सुटणारी बाष्पे 210 ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि त्याहून कितीतरी महाग, पाच ग्रॅमचा रंग घेतला तर 35 ग्रॅम. आता त्याच खोलीच्या दारास, चौकटीस आणि खिडक्यांना नेहमीचा ऑइल पेंट, एक लिटरभर लागला असे धरू. त्यात बाष्पे दर लिटरास 300 ते 450 ग्रॅम. रंग घट्ट वाटला म्हणून रंगाऱ्याने पाव लिटर टर्पेंटाईन ओतले, तर त्याचे जवळजवळ 200 ग्रॅम झाडून सारे हवेतच जाणार. सात लिटर भिंतरंगाने जेवढे सोडले तेवढे एका पेल्याने सोडले. भिंतींसाठी महागडा 'शून्य' रंग आणि दारांसाठी जुनाच ऑइल पेंट, हा आपल्या घरांतून सर्रास आढळणारा जोड किती विसंगत आहे हे यावरून उघड व्हावे. पाण्यात मिसळणारा इनॅमल आता बहुतेक मोठ्या कंपन्या विकतात. त्याची चकाकी थोडी कमी, सुकण्याचा वेग जास्त, आणि कुंचले साबणाने धुतले जातात. लाकडाच्या पॉलिशची गोष्ट याहून वाईट: मेलामाईनचा हात सुकताना फॉर्मल्डिहाईड सुटतो, आणि 2004 सालापासून त्याची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत होते. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेले जुने फ्रेंच पॉलिश पाण्याचे आणि उष्णतेचे डाग सोसत नाही, परंतु स्पिरिट एका दिवसात उडून जाते आणि मागे उरते ती निव्वळ लाख.

पाण्याच्या रंगास पाण्याचेच एक दुखणे जडलेले आहे. बंद डब्यात जंतूंनी घर करू नये म्हणून त्यात आयसोथायझोलिनोन वर्गातील परिरक्षके घालावी लागतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायझोलिनोन या एकामुळे त्वचेस इतक्यांना ॲलर्जी होऊ लागली, की अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने 2013 साली त्यास त्या वर्षीचे प्रमुख ॲलर्जीकारक ठरविले. ज्यास अशी ॲलर्जी आहे त्याने व्हीओसीचा आकडा बाजूस ठेवून परिरक्षकांची यादी मागावी. भिंतीवरील जंतू मारण्याची ग्वाही देणाऱ्या रंगांविषयी मला फार उत्साह वाटत नाही. घरातले आजार भिंत चाटून होत नाहीत.

'नैसर्गिक' या विशेषणापाशी थोडे रेंगाळणे प्राप्त आहे, कारण त्यावर आपली श्रद्धा लवकर जडते. अळशीचे तेल निसर्गाचेच, पण ते हवेतील प्राणवायू घेऊन सुकते तेव्हा अल्डिहाईड वर्गातील उग्र द्रव्ये कित्येक आठवडे सोडीत राहते, आणि त्यात भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. पाइनच्या झाडापासून मिळणारे टर्पेंटाईन आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीन ही द्रावकेही वनस्पतिजन्यच. घरातील हवेत ओझोन असेल तर लिमोनीनपासून फॉर्मल्डिहाईड तयार होतो. शेणाचा रंग हे या सदरातील आपल्या देशाचे नवे अपत्य: जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत विकसित झालेला खादी प्राकृतिक पेंट 12 जानेवारी 2021 रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते बाजारात आणण्यात आला, तेव्हा डिस्टेंपरची किंमत लिटरास 120 रुपये आणि इमल्शनची 225 रुपये जाहीर झाली होती, आणि त्याचे 'अष्टलाभ' सांगण्यात आले. खेड्यातील गोधनास त्यातून उत्पन्न मिळावे हा हेतू स्तुत्य आहे. तथापि, ज्या घरांत शेणाचा सडा-सारवण पिढ्यान्‌पिढ्या होत आले त्या घरांतील गृहिणीस ठाऊक असते, की सारवण आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा करावे लागते. जो रंग वर्षानुवर्षे टिकावयाचा आणि डब्यात न नासता राहावयाचा, त्यास बंधक कोणते आणि परिरक्षक कोणते, हे प्रश्न शेणाच्या डब्यासही विचारलेच पाहिजेत.

चुन्याची योग्यता मात्र निराळी. भट्टीतून आलेला कळीचा चुना पिंपात घालून त्यावर पाणी ओतले, की तो खदखदू लागतो, वाफा निघतात, पिंपाच्या कडेस हात लावून देत नाही. निवल्यावर तो चार दिवस मुरू द्यावा, जाडसर फडक्याने गाळून घ्यावा, त्यात भिजविलेला डिंक अथवा तांदळाची पेज आणि पांढरेपणा खुलण्यापुरती नीळ घालावी, आणि भिंत आधी पाण्याने भिजवून पातळ, दुधासारखे तीन हात द्यावेत. कुंचा ओला असता भिंत पारदर्शक दिसते आणि नवशिक्या घाबरून दाट हात मारतो. सुकल्यावर पांढरेपणा आपोआप उमलतो. हवेतील कर्बवायू शोषून चुना पुन्हा दगड होतो, त्यात बाष्पे नाहीत, परिरक्षके नाहीत, आणि त्याच्या तीव्र क्षारतेत बुरशी सहसा तग धरीत नाही. कोकणातील जांभ्याच्या घरांना आणि देशावरील जुन्या वाड्यांच्या चुनेगच्ची भिंतींना तर तो शरीरधर्मासारखा मानवतो, कारण भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडू शकते. तीच ओल प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखाली कोंडली की फुगवटे येतात, पोपडे सुटतात, मागे काळी बुरशी धरते, आणि दमेकऱ्यास ती बुरशी रंगाच्या वासाहून कमी जाचक नसते. चुन्याचे दोषही सांगितलेच पाहिजेत. पाठ टेकली तर सदरा पांढरा होतो, दर एक-दोन वर्षांनी नवा हात लागतो, एकदा प्लॅस्टिक पेंट चढलेल्या भिंतीवर तो धरत नाही, आणि डोळ्यात थेंब उडाल्यास दृष्टी जाण्याइतका तो दाहक आहे. मुरणाऱ्या पिंपाजवळ मुलांना फिरकू देऊ नये. ज्यांना चुन्याचा गुण हवा पण त्याची धूळ नको, त्यांच्यासाठी बव्हेरियातील आडोल्फ विल्हेल्म काइम याने 1878 साली पेटंट घेतलेला, पोटॅशियमच्या जलकाचेवर आधारलेला सिलिकेट रंग हा उत्तम पर्याय आहे. आपल्या बाजारात तो दुर्मिळ आणि महाग आहे, एवढाच त्याचा दोष.

प्रमाणपत्रांचा तपशील थोडक्यात आटोपतो. भारत सरकारने 1991 साली इकोमार्क योजना काढली, तिचे चिन्ह मातीचे मडके. इमारतींचे रंग तिच्या यादीत होते, परंतु ते मडके रंगाच्या डब्यावर पाहिल्याचे फार थोड्यांना आठवत असेल. 2024 मध्ये तिचे नियम नव्याने केले गेले आहेत. भारतीय उद्योग महासंघाची ग्रीनप्रो ही मोहोर मोठ्या कंपन्यांच्या डब्यांवर दिसते. खरा दंडक मला फ्रान्सचा वाटतो: तेथे 2013 पासून बाजारातील प्रत्येक भिंतरंगावर 'ए प्लस' पासून 'सी' पर्यंत श्रेणी छापावी लागते, आणि ती डब्यात काय आहे यावर न देता, रंग लावल्यानंतर 28 दिवसांनी त्यातून हवेत काय सुटते याच्या मोजणीवरून देतात. राहणाऱ्यास जे जाणून घ्यावयाचे असते ते हेच.

या सर्व चर्चेत रंगाऱ्याचे नाव शेवटी यावे हा अन्यायच, पण व्यवहारातही त्याची जागा तीच आहे. घरमालक चार-पाच दिवस वास सोसतो. रंगारी तो वर्षभर, एका बंद खोलीतून दुसऱ्या बंद खोलीत, सोसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1989 साली रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात नोंदविला, आणि 2007 मधील पुनर्विचारानंतर ती नोंद कायम ठेवली. स्कॅन्डिनेव्हियातील वैद्यांना 1970 नंतरच्या दशकात द्रावकांत वर्षे काढलेल्या रंगाऱ्यांत स्मरणशक्ती क्षीण झालेली आढळली, आणि तेथील घरांतून तेलरंग हद्दपार होण्यास ती गोष्ट मोठ्या अंशी कारण झाली. आपल्याकडे हातावरील रंग रॉकेलने पुसण्याची चाल अजून गेलेली नाही.

तेव्हा माझा निर्णय असा. भिंत चुन्याची किंवा जांभ्याची असेल आणि घरच्यांची तयारी असेल तर चुनाच द्यावा. सिमेंटच्या भिंतीस फिक्या छटेचे, मॅट, साधे पाण्याचे इमल्शन पुरेसे आहे, त्यासाठी सर्वांत महाग डबा घेण्याची गरज नाही. वाचलेला पैसा दारांच्या पाण्याच्या इनॅमलवर आणि ओल्या घासकामावर खर्चावा. ओल असेल तर आधी गळती काढावी. रंग झाल्यावर दारे-खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवून निदान आठवडाभर लहान मुलास, गरोदर स्त्रीस व दमेकऱ्यास त्या खोलीत निजवू नये. कापलेला कांदा ठेवून वास जातो अशी समजूत आहे, तिच्यामुळे खोलीस कांद्याचा वास येतो इतकेच. मक्ता ठरविताना मजुरीच्या दराखाली तीन कलमे लिहून त्यावर रंगाऱ्याची सही घ्यावी: जुना तेलरंग ओला करूनच घासणे, घरात टर्पेंटाईन न वापरणे, आणि डबे सीलबंद आणून मालकासमोर उघडणे. मुखपट्टी आणि हात धुण्याचा साबण मालकाने पुरवावा. डबे आले म्हणजे झाकण निघण्यापूर्वी त्यांवरील शिशाच्या प्रमाणाचा मजकूर आणि उत्पादनाची तारीख स्वतः वाचावी, आणि तो मजकूर नसेल तर डबा त्याच दिवशी परत पाठवावा.